‘परवापर्यंत तर खेळत होता!’ : गुडघ्यापायी निवृत्त झालेल्या बचावपटूबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. फुटबॉलमधला आवडता सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, एकतिसाव्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीमुळे निवृत्त झाला. बातमी आल्यापासून चाहते हळहळतायत, चिडतायत आणि तेच तेच विचारतायत. गेल्या महिन्यात अख्खा सामना खेळला, मग अचानक झालं काय? क्लबच्या डॉक्टरांनी वाट लावली का? ऑपरेशन करून, वर्षभर थांबून परत येता आलं नसतं का? निदान शेवटची वीस मिनिटं तरी? आणि आता त्याला आम्ही काय म्हणावं?

मी फुटबॉलपटूंसोबत काम करणारा फिजिओ आहे. या खेळाडूची फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्याच्या गुडघ्यात नेमकं काय होतं हे सांगणार नाही. पण या वाटेने गेलेले गुडघे पुष्कळ हाताळलेत आणि त्यांची गोष्ट बरीचशी सारखी असते.

‘परवापर्यंत तर खेळत होता’ यापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळे गैरसमज इथूनच निघतात. सामन्याच्या दिवशी जवळजवळ कुठलाही गुडघा चालतो. नीट वॉर्मअप झालेला असतो, पट्ट्या बांधलेल्या असतात, बहुतेक वेळा पोटात एखादी गोळी असते आणि हजारो लोक ओरडत असताना अंगात जे संचारतं त्यापुढे दुखणं मागे पडतं. चाहत्यांना दिसतात ती ही नव्वद मिनिटं. आम्हाला दिसते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि कारकीर्द संपते ती या सकाळी.

त्या सकाळी होतं काय, तेही सांगतो. खेळाडू उपचाराच्या खोलीत पोचायच्या आधीच निम्मं कळलेलं असतं. जिना उतरताना तो कठडा धरतो का, प्रत्येक पायरीवर दुखरा पाय आधी टाकून चांगला पाय मागून आणतो का, हे मी दारातूनच पाहतो. मग तो टेबलावर पाय लांब करून पडतो. मी गुडघ्याच्या आतल्या बाजूने मांडीकडे तळहात दोन-तीनदा फिरवतो, म्हणजे सांध्यातलं पाणी वर सरकतं. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात ओढायचा आणि आतल्या खळगीवर नजर ठेवायची. तिथे बारीकशी लाट येऊन खळगी भरली की गुडघ्यात पाणी आहे. हात लावायच्या आधीच खळगी दिसत नसेल तर त्या दिवशी मैदान बंद, सायकल नाहीतर पूल. खेळाडू तोवर छताकडे बघत असतो. तो कधीच विचारत नाही, कारण उत्तर त्याला रात्री पलंगावर कूस बदलतानाच मिळालेलं असतं.

हे पाणी नुसतं त्रासदायक नसतं. गुडघा सुजला की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्थेकडून येणारा हुकूमच कमी होतो. खेळाडूने कितीही जोर लावला तरी तो स्नायू पूर्ण ताकदीने आवळत नाही. उडी मारून खाली येताना आणि वेगात थांबताना धक्का झेलायचं काम याच स्नायूचं असतं. तो ढिला पडला की भार सांध्यावर जातो, सांधा आणखी सुजतो, स्नायू आणखी ढिला पडतो. सुरुवातीला सामन्यानंतरची सूज दोन दिवसांत उतरते. मग चार दिवस लागतात, मग सहा. मोठ्या संघाला आठवड्यात दोन सामने असतात. सूज उतरायला लागणारे दिवस दोन सामन्यांमधल्या दिवसांपेक्षा जास्त झाले की तो खेळाडू कागदावर संघात असतो, एवढंच.

लेडली किंगचं उदाहरण म्हणूनच आमच्या क्षेत्रात वारंवार निघतं. टॉटनहॅम या इंग्लिश क्लबचा कर्णधार, आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळला, २००८ मध्ये चेल्सीला हरवून संघाने लीग कप जिंकला तेव्हा तोच कप्तान होता. डाव्या गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ संपलेली. शेवटची काही वर्षं तो संघाबरोबर सरावच करत नव्हता. आठवडाभर पूल, जिम आणि उपचार, मग एक सामना, मग पुन्हा सूज उतरायची वाट. त्या एका सामन्यात तो इंग्लंडमधल्या कुठल्याही स्ट्रायकरला खिशात ठेवायचा, म्हणून लोकांना वाटायचं की गडी ठीक आहे. जुलै २०१२ मध्ये तो थांबला. वय ३१. त्याच्या निवृत्तीची बातमी ‘अचानक’ वाटलेले चाहते तेव्हाही होतेच.

आता कूर्चेबद्दल. गुडघ्यातल्या दोन हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत पांढरा थर असतो ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली किंवा तिचा तुकडा निघाला की स्नायूसारखी किंवा हाडासारखी भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात, त्यामुळे सुरुवातीची झीज दुखतसुद्धा नाही. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर तक्रार करू लागलेलं असतं. ‘आधीच का नाही कळलं?’ याचं उत्तर पुष्कळदा इतकंच असतं.

मेनिस्कस ही वेगळी गोष्ट. ती दोन हाडांमध्ये बसलेली अर्धचंद्राकृती गादी. ती फाटली तर दोन रस्ते असतात: फाटलेला भाग काढून टाकायचा किंवा टाके घालून शिवायची. काढली तर खेळाडू काही आठवड्यांत मैदानावर, शिवली तर चार-सहा महिने बाहेर. पहिल्या रस्त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे इटलीचा बचावपटू फ्रँको बारेसी. १९९४ च्या विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध त्याची मेनिस्कस फाटली, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि साडेतीन आठवड्यांच्या आत हा चौतीस वर्षांचा माणूस ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात १२० मिनिटं खेळला. थक्क करणारा खेळ होता तो. पण तोच निर्णय बावीस वर्षांच्या पोराबाबत घेतला, तर गादी गेलेल्या त्या गुडघ्याला पुढची दहा वर्षं कूर्चेवर जास्त भार घेऊन काढावी लागतात. एकतिसाव्या वर्षीच्या कितीतरी निवृत्त्या अशा विशीतल्या ऑपरेशनात पेरलेल्या असतात. तेव्हा तर सगळे खूश असतात. खेळाडू लवकर परतला, प्रशिक्षक खूश, चाहते खूश.

यात बचावपटूच का भरडला जातो? कारण पुढाकार त्याच्या हातात नसतो. विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, ठरवतो कधी थांबायचं आणि कुठे वळायचं. बचावपटू ते पाहून, क्षणभर उशिराने, पूर्ण वेगात असताना त्याच्या मागे थांबतो आणि वळतो. पाय आखडता न येणारी, तयारी नसलेली ही थांबणी गुडघ्याला सर्वांत महाग पडते. लिगामेंट तुटण्याच्या प्रसंगांचे व्हिडिओ तपासून जे अभ्यास झालेत त्यांतही, कोणाचा धक्का न लागता एसीएल (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं एक मुख्य लिगामेंट) तुटण्याचा सर्वांत नेहमीचा प्रसंग प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकायला धावून जाण्याचाच निघाला. शिवाय हल्लीचे संघ बचावफळी मैदानाच्या मध्याजवळ उभी करतात. मागे तीस-चाळीस मीटर मोकळं मैदान. चेंडू डोक्यावरून गेला की पाठमोरं वळून जीव तोडून धावायचं. ‘तो अनुभवी आहे, मागे उभा राहून डोक्याने खेळेल’ हे वाक्य मी चाहत्यांकडून नेहमी ऐकतो. ते ज्या काळात शक्य होतं त्या काळातला आयर्लंडचा बचावपटू पॉल मॅकग्रा गुडघ्यांवर अनेक ऑपरेशनं होऊन, सराव जवळजवळ न करता, ॲस्टन व्हिलाकडून खेळला आणि १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. पुढच्याच वर्षी विश्वचषकात आयर्लंडने इटलीला १-० हरवलं तेव्हा बचावात तोच खडकासारखा उभा होता. मला मॅकग्रा फार आवडतो. पण आज त्याच गुडघ्यांसह त्याला पहिल्या फळीच्या क्लबच्या वैद्यकीय तपासणीत पास करणारा डॉक्टर शोधावा लागेल.

‘पोर्तुगालचा पेपे तर एक्केचाळिसाव्या वर्षी युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) खेळला’ असंही कोणीतरी म्हणतंच. खेळला, २०२४ मध्ये. त्याच्या सांध्यांनी साथ दिली. ज्यांच्या सांध्यांनी दिली नाही ते त्या स्पर्धेत नव्हतेच, म्हणून तुलनेला फक्त टिकलेलेच समोर राहतात.

वर्षभर थांबून परत यायच्या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं आहेत, कारण दुखापती दोन वेगळ्या आहेत. एसीएल तुटली आणि नवी बसवली तर मोठ्या क्लबांतले बहुतेक खेळाडू वर्षाच्या आत परततात. युरोपातल्या व्यावसायिक क्लबांच्या पंधरा वर्षांच्या पाहणीत मात्र असं दिसलं की तीन वर्षांनंतर सर्वोच्च पातळीवर खेळत असलेले ६५ टक्केच उरले होते. म्हणजे यशस्वी समजल्या जाणाऱ्या ऑपरेशननंतरही तिघांतला एक गळतो. कूर्चेचं गणित याहून कठीण. हाडाला बारीक भोकं पाडून रक्तातून नवा थर उगवू देणं, दुसऱ्या जागेची कूर्चा लावणं, पेशी वाढवून परत बसवणं, हे सगळे मार्ग आहेत. पण भोकं पाडून उगवतो तो थर मूळ कूर्चेइतका टणक नसतो आणि लावलेला भाग मुरायला महिनोन् महिने जातात. छोट्या, एकाच जागच्या खड्ड्याला याचा फायदा होतो. सगळा सांधाच गुळगुळीतपणा हरवून बसला असेल तर नाही. विश्रांतीने सूज उतरते, कूर्चा येत नाही. वर्षभर आराम केलेला खेळाडू पहिल्या आठवड्यात ताजातवाना वाटतो आणि तिसऱ्या आठवड्यात टेबलावर पुन्हा तीच खळगी भरलेली. ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं हा स्वतंत्र विषय आहे. वेदना काही काळ कमी होतात असं सांगणारे खेळाडू मला भेटलेत. झिजलेला गुडघा पुन्हा लीग खेळण्याजोगा झाला असं दाखवणारा पुरावा मी पाहिलेला नाही. आणि कृत्रिम गुडघा बसवून सेंटर-बॅक खेळायचं तर विचारूच नका.

मग राहतात गोळ्या आणि सुया. चाहत्यांना याचा अंदाज नसतो, म्हणून आकडे देतो. २०१० च्या विश्वचषकात संघांच्या डॉक्टरांनी फीफाला दिलेल्या नोंदींनुसार ६० टक्क्यांहून अधिक खेळाडूंनी स्पर्धेत कधी ना कधी वेदनाशामक घेतलं होतं आणि ३९ टक्के खेळाडूंनी प्रत्येक सामन्याआधी. लिव्हरपूलचा डॅनिश बचावपटू डॅनियल आगर आठवतोय? बोटांवर लिव्हरपूलच्या घोषवाक्याची अक्षरं गोंदवून घेतलेला. शेवटी डेन्मार्कमधल्या ब्राँडबी क्लबला परतला आणि २०१६ मध्ये, एकतिसाव्या वर्षीच, थांबला. नंतर त्याने स्वतःच सांगितलं की वर्षानुवर्षं सूज उतरवणाऱ्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्या. २०१५ मध्ये कोपनहेगनविरुद्धच्या एका सामन्यात तर त्या गोळ्यांपायी तो भानावरच नव्हता आणि अर्ध्या तासाच्या आत त्याला बाहेर घ्यावं लागलं. या गोळ्या पोटाचं अस्तर आणि मूत्रपिंडं बिघडवतात हे कोणताही डॉक्टर सांगेल. आम्हाला त्याहून जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: दुखणं हा खेळताना मिळणारा गुडघ्याचा मुख्य इशारा, तोच बंद होतो. ‘इंजेक्शन घेऊन अंतिम सामना तरी खेळ’ असं प्रेमाने लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खेळाडू ते वाचतात.

डॉक्टरांनी वाट लावली का? कधी कधी लावतात, खोटं कशाला बोलू. घाईने परत उतरवलेले खेळाडू मी पाहिलेत आणि ती घाई कोणा एकाची नसते. प्रशिक्षकाची नोकरी टांगणीला असते, खेळाडूचा करार संपत आलेला असतो, डॉक्टर क्लबच्या पगारावर असतो. पण उलटही घडतं. फ्रान्सच्या बचावफळीतल्या सॅम्युअल उमतितीने दुखऱ्या गुडघ्यासह २०१८ चा विश्वचषक खेळला, बेल्जियमविरुद्धच्या उपांत्य सामन्यातला विजयी गोल त्याचाच. मोठी शस्त्रक्रिया टाळून त्याने उपचार आणि व्यायामाचा मार्ग धरला. गुडघा पूर्वीसारखा झालाच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये, पुन्हा तेच वय, ३१, तो निवृत्त झाला. त्याने तेव्हाच शस्त्रक्रिया करायला हवी होती असं आज सगळे छातीठोकपणे म्हणतात. कूर्चेच्या शस्त्रक्रियेचा निकाल त्या वेळी कोणीही त्याला लिहून देऊ शकलं नसतं. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

याच उमतितीला २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या स्वतःच्याच प्रेक्षकांनी हुर्यो देऊन छळलं होतं. मँचेस्टर युनायटेडचा बचावपटू फिल जोन्स, त्याचं तर विचारूच नका. त्याच्या चेहऱ्याचे फोटो वर्षानुवर्षं विनोद म्हणून फिरले. २०२० च्या जानेवारीनंतर जवळजवळ दोन वर्षं तो गुडघ्यामुळे सामना खेळू शकला नाही, तेव्हा फुकट पगार खातो असं म्हणणारे त्याच क्लबचे चाहते होते. रिओ फर्डिनंडसारख्या जुन्या खेळाडूनेही त्याच्यावर जाहीर टीका केली आणि नंतर माफी मागितली. २०२४ मध्ये तो निवृत्त झाल्यावर हळहळ व्यक्त झाली. तुमचा बचावपटू लाडका होता, त्याच्या वाट्याला हे आलं नाही, हे बरं. पण लाडक्याला मिळणारी सहानुभूती आणि नावडत्याला मिळणारी हेटाळणी यांच्या मागे गुडघा बहुतेक एकसारखाच असतो.

जाता जाता डोक्याचं. गुडघा दिसतो, डोकं दिसत नाही. फ्रान्सचा बचावपटू राफाएल वारान सप्टेंबर २०२४ मध्ये, कोमो या इटालियन क्लबकडून पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावल्यानंतर, एकतिसाव्या वर्षी निवृत्त झाला आणि सगळी चर्चा गुडघ्याची झाली. त्याच वर्षी, त्याआधी काही महिने, त्याने डोक्याला बसलेल्या धक्क्यांबद्दल उघड बोलून ठेवलं होतं: २०१४ च्या विश्वचषकात नायजेरियाविरुद्ध डोक्याला मार बसला, तरी काही दिवसांत तो जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना खेळला. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंवरच्या ग्लासगोच्या अभ्यासात मेंदू झिजण्याच्या आजारांचं प्रमाण सर्वसामान्यांच्या कित्येक पट निघालं आणि त्यातही सर्वाधिक बचावपटूंमध्ये, सुमारे पाचपट. गोलरक्षकांमध्ये ते सर्वसामान्यांइतकंच होतं. तुमच्या खेळाडूने निवेदनात फक्त गुडघा लिहिला असेल. एवढंच एक कारण असेलच असं नाही, आणि ते सगळ्यांना सांगायला तो बांधीलही नाही.

शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरायचं, ही कल्पना बाहेरून सोपी वाटते. तासभर बाकावर बसून थंड झालेला गुडघा थेट पूर्ण वेगाला लावायचा, तोही समोर ताज्या दमाचा विंगर असताना. सुजणाऱ्या सांध्याला नव्वद मिनिटांपेक्षा हे बरेचदा जड जातं. शिवाय सरावात नसलेला माणूस बचावफळीत घेतला तर शेजारच्या तिघांची गणितं चुकतात. किंग सरावाशिवाय खेळू शकला, कारण तो किंग होता.

बातमी जाहीर होण्याच्या तारखेलाही फार अर्थ चिकटवू नका. निर्णय कैक आठवडे, कधी कधी वर्षभर आधी झालेला असतो. मधल्या काळात दुसऱ्या-तिसऱ्या डॉक्टरांची मतं, विम्याची कागदपत्रं, कराराची बोलणी चालतात. त्या काळात खेळाडू ‘लवकरच परततोय’ म्हणतो तेव्हा तो तुम्हाला फसवत नसतो. त्याला ते म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं आणि कधी कधी त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास असतो.

आता त्याला काय म्हणावं. ‘परत ये’ म्हणू नका. ‘अजून एक हंगाम’ तर नाहीच. ‘गुडघा कसा आहे?’ हा प्रश्न तो वर्षानुवर्षं दिवसातून दहादा ऐकत आलाय, त्यातून त्याला सुट्टी द्या. ज्यांच्याबरोबर मी काम केलं त्यांच्याकडून एक गोष्ट कळली: ‘तू महान होतास’ अशा हजार संदेशांत एखाद्याने लिहिलेलं असतं की अमुक सामन्यात, पाऊस पडत असताना, शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून तू चेंडू काढलास तेव्हा मी अमुक ठिकाणी उभा होतो. ते पत्र तो बायकोला वाचून दाखवतो. बचावपटूची कामगिरी गोलांच्या यादीत सापडत नाही. ती फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत असते, तेव्हा ती त्याला लेखी मिळाली तर तिची किंमत वेगळी. आणि हे पहिल्या आठवड्यात सगळेच करतात. तीन-चार महिन्यांनी, नवा हंगाम सुरू होऊन त्याच्या जागी दुसरा कोणी उभा असतो, सकाळी उठून कुठेच जायचं नसतं, तेव्हा लिहा. मला भेटलेल्या बहुतेकांना तोच काळ सर्वांत जड गेलाय. काही जण त्या काळात स्टेडियमकडे फिरकतही नाहीत. त्याचा राग मानू नका.

निरोपाचा सामना ठेवला तर तो पाच-दहा मिनिटं उतरेल आणि सगळे म्हणतील, बघा, अजूनही काय खेळतोय! त्या दहा मिनिटांची सूज तो आठवडाभर उतरवत बसेल. तरी उतरू दे त्याला, ही सूज त्याने स्वतः निवडलेली असेल.

प्रशिक्षक होईल का, असंही कोणीतरी विचारलंय. होऊ शकतो. किंग क्लबचा दूत झाला आणि २०२० मध्ये काही काळ पहिल्या संघाचा सहायक प्रशिक्षकही होता. फक्त लगेच अपेक्षा ठेवू नका. प्रशिक्षकाला रोज दोन-तीन तास गवतावर उभं राहावं लागतं, पोरांना वळून दाखवावं लागतं, चेंडू मारून दाखवावा लागतो. माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण सर्वसामान्य पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं. आधी त्याला मांडीची ताकद परत मिळवू दे, जिना सरळ उतरू दे, मुलांमागे बागेत धावू दे. नेटाने व्यायाम केला तर बहुतेकांना यासाठी वर्ष-दीड वर्ष लागतं.